आवारान : समुद्राच्या गाळावर वसलेला जिल्हा

वर्षा-दोन वर्षांनी एक व्हिडिओ फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. राखाडी चिखलाचं एक बेट, त्यावर चढलेली माणसं, कडेला मेलेले मासे. खाली मजकूर असतो: ‘समुद्रातून अचानक जमीन वर आली, शास्त्रज्ञही चक्रावले!’ कधी त्याला प्रलयाची शेपटी जोडलेली असते, कधी गुप्त शस्त्रांची.

शास्त्रज्ञ चक्रावलेले नव्हते. ते बेट २४ सप्टेंबर २०१३ रोजी पाकिस्तानातल्या ग्वादरच्या किनाऱ्याजवळ वर आलं. भूकंप थांबून फार वेळ झालेला नव्हता, तोवर किनाऱ्यावरच्या लोकांना ते दिसू लागलं होतं. पण तो भूकंप ग्वादरचा नव्हताच. त्याचं केंद्र तिथून जवळजवळ ३८० किलोमीटर दूर, आवारान जिल्ह्यात होतं. आठशेहून अधिक माणसं गेली. व्हिडिओत मात्र आवारानचं नाव कधीच नसतं, आणि मला ते दर वेळी खटकतं. शिवाय बेटाचं कोडं सोडवायचं तर आवारान समजून घ्यावाच लागतो.

आवारान हा बलुचिस्तान प्रांताच्या दक्षिण भागातला जिल्हा. १९९२ मध्ये खुजदार जिल्ह्यातून तो वेगळा काढला. क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याहून बरंच मोठं, आणि २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या लहानशा तालुक्यात याहून जास्त माणसं असतात. जवळजवळ सगळे बलोच, बोली बलोची, वस्ती खेड्यापाड्यांतली. माश्कै, झाल झाव, कोलवा ही इथली खोऱ्यांची नावं. पाऊस तुटपुंजा, कोरड्या नद्यांना कधीतरी पूर येतो, तेव्हा बांध घालून ते पाणी आणि त्याबरोबरचा गाळ शेतात अडवायचा, अशी इथली जुनी रीत. नुसत्या पावसाच्या भरवशावरच्या जमिनीला ‘खुश्काबा’ म्हणतात आणि पुराच्या पाण्यावर पिकणाऱ्या जमिनीला ‘सैलाबा’. माश्कै आणि नाल या नद्या एकत्र येऊन पुढे हिंगोल होते. हीच हिंगोल शेजारच्या लासबेला जिल्ह्यात हिंगलाजमातेच्या स्थानाजवळून समुद्राला मिळते. आपल्याकडच्या भावसार समाजाची ती कुलदेवता, त्यामुळे निदान नदीच्या खालच्या टोकाचं नाव पुष्कळ मराठी घरांत माहीत असतं.

या ओसाड वाटणाऱ्या खोऱ्यांत माणूस फार जुना आहे. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन १९२७-२८ मध्ये या भागात फिरला, तेव्हा त्याला कोलवा खोऱ्यात कुल्ली आणि माश्कै खोऱ्यात मेही ही प्राचीन स्थळं सापडली. त्यातल्या पहिल्या गावावरून एका अख्ख्या संस्कृतीला ‘कुल्ली संस्कृती’ हे नाव मिळालं. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, हडप्पाच्या बहराच्या काळातली. तिथे मिळालेल्या वस्तूंत पक्व मातीच्या स्त्रीमूर्ती आहेत आणि वशिंडाचे बैल आहेत.

मातीचे बैल, मातीची घरं, मातीचे बांध. ही माती आली कुठून? इथून माझ्या आवडीचा भाग सुरू होतो.

शाळेत आपण शिकलो की पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं, म्हणजे भूपट्टांचं बनलं आहे. अरबी समुद्राच्या तळाचा पट्ट मकरानच्या, म्हणजे दक्षिण बलुचिस्तानच्या, किनाऱ्यापाशी युरेशियाच्या पट्टाखाली घुसतो आहे. वेग वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखं वाढतात साधारण तेवढा. पण हा समुद्रतळ रिकामा येत नाही. त्याच्यावर सुमारे सात किलोमीटर जाडीचा गाळ आहे. उलथनं तव्यावरून पुढे सरकवलं की खरवड त्याच्यापुढे घड्या घालत साचत जाते. अगदी तसाच हा गाळ खाली न जाता वरच्या वर खरवडला जातो आणि घड्या पडून साचतो. गेली कोट्यवधी वर्षं हे चाललं आहे. मकरानच्या टेकड्यांच्या रांगा म्हणजे या घड्या, आणि जगातल्या अशा सर्वांत मोठ्या ढिगांमध्ये मकरानची गणना होते.

म्हणजे आवारानचे डोंगर एके काळी समुद्राचा तळ होते. त्यातला पुष्कळसा जुना गाळ बाल्यावस्थेतल्या हिमालयातून वाहून आलेला असावा, असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. हिमालयाचा चुरा समुद्रात गेला, खाली दबला, पुन्हा खरवडून वर आला. कुल्लीच्या कुंभाराने त्याचे बैल केले.

नकाशावर आवारान नीट पाहा. पश्चिमेकडे टेकड्या पूर्व-पश्चिम धावतात आणि आवारानमध्ये येता येता वळून जवळजवळ उत्तर-दक्षिण होतात. कारण पूर्वेला भारतीय पट्ट उत्तरेकडे सरकतो आहे आणि त्याच्या घासण्याने ढिगाची ही कड वाकली आहे. या वळणातून होशाब भ्रंश (कवचातली अशी भेग, जिच्या दोन बाजू सरकू शकतात) जातो. २०१३ मध्ये तो सुमारे २०० किलोमीटर लांबीवर फाटला. भूकंपाची तीव्रता ७.७ होती.

हा भ्रंश तिरका आहे. तिरक्या भ्रंशावर एक बाजू दुसरीवर चढेल अशी अपेक्षा असते, कारण इथल्या टेकड्या तशाच उभ्या राहिल्या आहेत. पण त्या दिवशी जमीन चढली फारच थोडी. दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या, काही ठिकाणी जवळजवळ १० मीटर. हे मोजलं कसं? लँडसॅट-८ उपग्रह त्याच वर्षी फेब्रुवारीत अवकाशात गेला होता. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांतले ठिपके एकमेकांशी ताडून पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणची जमीन कुठल्या दिशेला किती सरकली हे कागदावर उतरलं. जिथे भूकंपमापक यंत्रं विरळ आहेत आणि जायला धड रस्ता नाही, अशा जिल्ह्याचं मोजमाप आकाशातून झालं.

आता बेट. ३८० किलोमीटरवर जमीन हलली आणि इथे समुद्रातून डोंगर वर आला, हे कसं?

ओहोटीच्या वेळी गुहागरला किंवा दिवेआगरला ओल्या वाळूवर उभं राहा. वाळू टणक लागते. मग पाय जागच्या जागी थरथरवा. काही क्षणांत वाळू सैल पडते, पाणी वर येतं आणि तुम्ही घोट्यापर्यंत आत जाता. वाळू तीच, पाणीही तेच. बदललं ते इतकंच, की आधी तुमचं वजन वाळूचे कण एकमेकांना टेकून पेलत होते आणि आता ते कणांमधल्या पाण्यावर आलं आहे. पाण्याला आकार धरता येत नाही, म्हणून ते वजनाखालून सरकतं.

हीच गोष्ट दोन किलोमीटर खोल गाळात पाहू. एका चौरस मीटरवर वरच्या गाळाचं ओझं साधारण ४,४०० टन, म्हणजे सुमारे ४३० वातावरणं इतका दाब (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा दाब). कणांमधलं पाणी वरपर्यंत मोकळं जोडलेलं असेल तर त्याचा स्वतःचा दाब सुमारे २०० वातावरणं. याला रंध्रदाब म्हणतात. एकूण दाबातून रंध्रदाब वजा केला की उरतं ते कणांच्या वाट्याचं ओझं: ४३० वजा २०० बरोबर २३०. एवढ्या जोराने कण एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून गाळ खडकासारखा घट्ट राहतो.

मकरानमध्ये ही वजाबाकी बिघडते. गाळ भराभर साचतो, त्यात चिकणमाती भरपूर, आणि चिकणमातीतून पाणी सहजी बाहेर पडत नाही. वरून ओझं वाढत जातं, बाजूने भूपट्ट रेटत असतो, खालचं पाणी मात्र अडकलेलं. शिवाय खोलवरच्या उष्णतेत चिकणमातीच्या खनिजांचं रूप पालटतं आणि त्यांच्या थरांत बांधलेलं पाणीही मोकळं होतं. सगळ्याचा परिणाम एकच: रंध्रदाब चढत जातो. तो ४०० वर पोचला तर कणांच्या वाट्याला उरतात फक्त ३०. आता हा थर नावापुरता घन आहे. त्यात भर म्हणून गाळातल्या मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांपासून तयार झालेला मिथेन पाण्यात विरघळून असतो, गोटी सोड्यातल्या वायूसारखा.

अशा थराला हादरा बसला की दोन गोष्टी होऊ शकतात. कणांची उरलीसुरली पकड सुटते. भाताच्या खाचरात चिखलणी करताना घट्ट माती घोटून पातळ होते, तसं. आणि वायूचे बुडबुडे सुटू लागतात. सोड्याची बाटली हलवल्यावर होतं, तसं. या दोहोंपैकी कुठल्याचा वाटा मोठा, यावर संशोधक अजून वाद घालतात. पण एकदा चिखल वर सरकू लागला की पुढचं काम आपोआप होतं. वर गेलं की वरचं ओझं कमी, ओझं कमी म्हणून आणखी वायू सुटतो, वायू सुटला म्हणून चिखल हलका होतो आणि हलका झाला म्हणून आणखी वर जातो. तळाचे दगड-गोटे डोक्यावर घेऊन तो पाण्याबाहेर येतो.

भूकंपाच्या दीर्घ तरंगांना ३८० किलोमीटर म्हणजे दोन मिनिटांच्या आसपासचा प्रवास. ग्वादरमध्ये चांगलं बांधलेलं घर पाडण्याएवढा जोर त्यांच्यात उरला नव्हता, पण काठावर आलेली ही वजाबाकी शून्यावर आणायला तो पुरला. भूकंपाने बेट उचललं नाही. बेट तयारच होतं, भूकंपाने त्याला मोकळं केलं. किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटरवरचा, १५ ते २० मीटर उंच असा तो चिखलाचा ढीग. लोकांनी त्याच्या भेगांतून येणारा वायू पेटवूनही पाहिला. त्यात लाव्हा नव्हता. याला पंक-ज्वालामुखी म्हणतात, आणि मकरानच्या किनाऱ्यावर असे अनेक आहेत. हिंगलाजच्या वाटेवरचा चंद्रगुप त्यांपैकीच. यात्रेकरू त्याच्या माथ्यावर चढतात, बुडबुड्यांच्या कुंडात नारळ वाहतात. ती त्यांची श्रद्धा, आणि मला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही.

आक्षेप भाकितांना आहे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस, ग्रहांच्या स्थितीवरून बलुचिस्तानातल्या चमन भ्रंशावर लवकरच मोठा भूकंप होणार, अशी नेदरलँड्समधल्या एकाची भविष्यवाणी पाकिस्तानभर पसरली. तिथल्या हवामान विभागाने ती फेटाळली, तरी लोक धास्तावले. सांगितलेले दिवस आले आणि गेले. चमन भ्रंशावर कधीतरी मोठा भूकंप होणार, हे सांगायला ग्रह लागत नाहीत. पट्ट सरकतो आहे एवढं पुरतं. तो कुठल्या दिवशी होईल हे मात्र आज जगात कुणालाही सांगता येत नाही, आणि सांगतो म्हणणारा माणूस घाबरलेल्या लोकांचा गैरफायदा घेतो.

माणसं भूकंपाने कमी आणि भिंतींनी जास्त मरतात, हे आपल्याला किल्लारीने शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, विसर्जनाची रात्र. तीव्रता ६.२ च्या आसपास. आवारानच्या भूकंपात त्याच्या पावणेदोनशे पट ऊर्जा बाहेर पडली, तरी किल्लारी परिसरात बळी कित्येक पटींनी जास्त गेले. एक कारण वस्तीची दाटी. दुसरं कारण घड्याळ: आवारान हादरला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि झोपेची वेळ नव्हती. घरांची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. तिथे कच्च्या विटा आणि वर मातीचं जड छप्पर, इथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती. दोन्हीकडे उन्हापासून बचाव करणारी जाडी हादऱ्यात अंगावर आली. आवारानमध्ये चारच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, ६.८ चा आणखी एक धक्का बसला. आणि त्या जिल्ह्यात बलोच बंडखोर व पाकिस्तानी लष्कर यांचा संघर्ष आधीपासून पेटलेला होता. मदतकार्याच्या हेलिकॉप्टरवर रॉकेट डागली गेली, परदेशी संस्थांना तिथे सहज जाऊ दिलं नाही. बेटावर मात्र दुसऱ्याच दिवशी कॅमेरे पोचले होते.

हा सगळा प्रदेश आपल्याला परका वाटतो, पण अरबी समुद्र मधे एकच आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यालगत, पसनीजवळ, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हाही नवी बेटं वर आली होती. त्सुनामीची लाट काही तासांत, सकाळच्या वेळी मुंबईला पोचली. उंची सुमारे दोन मीटर. होड्या दोर तोडून वाहून गेल्या, आणि वर्सोवा, हाजी अली या भागांत माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत.

ग्वादरच्या बेटाचं पुढे काय झालं? चिखलच तो, त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं. दर भरती-ओहोटीला आणि दर पावसाळ्यात ते झिजत गेलं आणि २०१६ संपेपर्यंत पाण्याखाली गेलं. आवारानमधल्या खुणा जास्त टिकाऊ आहेत. होशाब भ्रंशावरून जाणारा ओढा काही मीटर डावीकडे उडी मारून मग पुढे वाहतो. शेताचा बांध सरळ येता येता तुटतो आणि त्याचा उरलेला तुकडा शेजारी, भलत्याच ठिकाणी सुरू होतो.