चिठ्ठीवरच्या औषधांचे व्यसन

डॉक्टरांनी आजारासाठी लिहून दिलेले औषध सांगितल्यापेक्षा जास्त मात्रेत, जास्त दिवस किंवा भलत्याच कारणासाठी घेतले जाते आणि नुकसान दिसत असूनही सोडवत नाही, अशी अवस्था. दारूच्या व्यसनापेक्षा हे ओळखणे अवघड, कारण सुरुवात खऱ्या दुखण्यापासून होते आणि गोळी चारचौघांत, पाण्याच्या घोटाबरोबर घेतली जाते. लपवाछपवी सुरू होते तोवर बहुधा बराच काळ उलटलेला असतो.

व्यसन लावणारी औषधे मुख्यतः तीन प्रकारची. अफूच्या जातीची वेदनाशामके (मॉर्फिन, ट्रामाडॉल, ऑक्सिकोडोन आणि खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन). झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्या. आणि मेथिलफेनिडेटसारखी उत्तेजके, म्हणजे मेंदूला तरतरी आणणारी औषधे. झोपेच्या गोळ्यांचा इतिहास बोलका आहे. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली आणि डायझेपाम १९६३ साली बाजारात आले, तेव्हा बार्बिट्युरेट या जुन्या झोपेच्या औषधांपेक्षा निर्धोक म्हणून त्यांचे स्वागत झाले. त्यांचीही सवय लागते हे सर्वमान्य व्हायला जवळपास दोन दशके गेली.

शरीराला औषधाची सवय होणे म्हणजे व्यसन नव्हे. महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णाला मात्रा वाढवावी लागते, ते अचानक थांबवल्यास त्रासही होतो. तरी त्याला व्यसनी म्हणणे चूक, आणि त्या भीतीने त्याला वेदनेत ठेवणे त्याहून वाईट. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार ११ पैकी किमान २ लक्षणे १२ महिन्यांत दिसली तर विकार मानतात. पण औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानुसारच घेतले जात असेल तर वाढती मात्रा आणि थांबवल्यावरचा त्रास ही दोन त्यांत धरत नाहीत.

घरच्यांना पहिला सुगावा सहसा गोळ्यांच्या हिशेबातून लागतो. तीस दिवसांच्या गोळ्या विसाव्या दिवशी संपतात. मग पट्टी प्रवासात हरवलेली असते, बाटली सांडलेली असते. दुसरा डॉक्टर गाठला जातो आणि त्याला पहिल्याबद्दल सांगितले जात नाही. अफूच्या जातीच्या वेदनाशामकांनी डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, बद्धकोष्ठ होते, बोलता बोलता डुलकी लागते. झोपेच्या गोळ्यांनी जीभ जड होते, तोल जातो. उत्तेजकांनी झोप आणि भूक दोन्ही उडतात.

रुग्णाची स्वतःची फसगत मात्र वेगळीच असते. गोळी बंद केली की दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि तो म्हणतो, ‘बघा, मला गोळीची गरजच आहे.’ ही निद्रानाशाची लाट पुष्कळदा गोळी थांबवल्यामुळेच आलेली असते. जुना आजार उलटला असे वाटून चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते.

उपचाराची सुरुवात औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांपासून करता येते. नाहीतर मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्ती केंद्र आहेच. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या न्याव्यात आणि खरी मात्रा सांगावी, दारू घेत असल्यास तीही. चिडून गोळ्या फेकून देणे हा घरच्यांचा नेहमीचा उपाय घातक ठरू शकतो. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबवल्यास आकडीचे झटके येऊ शकतात, क्वचित जीवही जातो. त्यामुळे मात्रा सावकाश उतरवतात, बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के. यात कित्येक महिने जातात.

अफूजन्य औषधांच्या व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्याच जातीची औषधे देतात. ‘एक व्यसन सोडून दुसरे’ हा त्यावरचा आक्षेप टिकत नाही: नियमित मात्रेने ओढ शमते, नशेचे चढउतार थांबतात आणि मृत्यूचा धोका घटतो. जागतिक आरोग्य संघटनेने दोन्हींना २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. उत्तेजकांसाठी असे सर्वमान्य औषध नाही; तिथे समुपदेशन आणि वर्तनोपचारावर भिस्त असते.

काही दिवस औषध सोडलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, म्हणून पुन्हा घसरल्यास जुनीच मात्रा जीवघेणी ठरते. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हलवूनही जाग येत नसली तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. अफूजन्य औषध घेतले असल्यास नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने श्वास परततो, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरू शकतो. डोळे उघडले तरी रुग्णाला रुग्णालयात न्यावेच लागते.