मुंबई दूरदर्शन केंद्र

मुंबई दूरदर्शन केंद्र : महाराष्ट्रातील पहिले आणि दिल्लीनंतर देशातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. आकाशवाणी, दूरदर्शन आणि प्रसार भारती अशा तीन छत्रांखाली ते राहिले. प्रत्येक वेळी खरा प्रश्न एकच होता : संध्याकाळचा वेळ कुणाचा, मुंबईचा की दिल्लीचा?

सुरुवातीला दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. कृष्णधवल चित्र आणि रोजचे मोजके तास एवढाच पसारा असला तरी ते तास पूर्णपणे वरळीचे होते. १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना फिरवणारा एक जण आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ म्हणून ओरडणारा दुसरा, हे तेव्हाच्या घराघरातले दृश्य. ज्यांच्याकडे संच नसे ते शेजाऱ्यांच्या दारात चपला काढून आत येऊन बसत.

केंद्राची ओळख घडली ती याच काळात. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलत होता; ‘गजरा’ने नाट्यछटा आणि विनोद घरात आणला, तर सुहासिनी मुळगावकरांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ने साहित्यिक-कलावंतांना. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ मालिकेने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घरचे करून टाकले. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या अभिनेत्रींनी येथे बातम्या वाचल्या. प्रदीप भिडे यांचा आवाज तर पुढे अनेक दशके मराठी बातम्यांचाच आवाज बनला. मात्र केंद्र केवळ मराठी नव्हते. मुंबईतल्या गुजराती प्रेक्षकांसाठी ‘सांताकुकडी’ होता, तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हिंदीत होता. शहर जसे बहुभाषक, तसे त्याचे केंद्र.

जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या. त्याच वर्षी १ एप्रिलला दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी झाली आणि ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

खरे वळण १५ ऑगस्ट १९८२ चे. त्या दिवसापासून उपग्रहाच्या आधारे दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. रात्रीची मोक्याची वेळ राष्ट्रीय जाळ्याकडे गेली; मराठी कार्यक्रम त्याआधीच्या तासांत आटोपावे लागले. हा बदल पडद्यावरच्या पाट्यांमध्येही दिसे. वरळीचे प्रक्षेपण खंडित झाले की ‘व्यत्यय’ ही पाटी येई. दिल्लीचा कार्यक्रम तुटला की ‘रुकावट के लिए खेद है’. देशाला एका पडद्यावर आणण्याचे मोल होतेच, पण त्याची किंमत प्रादेशिक केंद्रांनी आपल्या वेळेने चुकवली, हे नमूद करायला हवे.

१९८५ मध्ये मुंबईला शहरापुरती दुसरी वाहिनी मिळाली. १९९३ मध्ये महानगरांतील अशा वाहिन्या उपग्रहाने जोडून मेट्रो वाहिनी तयार झाली. म्हणजे स्थानिक म्हणून सुरू झालेली ही वाहिनीही शेवटी जाळ्यातच विरली. नोव्हेंबर २००३ मध्ये ती बंद करून तिच्या जागी डीडी न्यूज ही वृत्तवाहिनी आणण्यात आली.

मराठीला पूर्ण दिवस मिळाला तो निराळ्या वाटेने. १९९४ मध्ये डीडी-१० ही मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि २००० मध्ये तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. वरळीची निर्मिती आता मुंबई-पुण्याच्या मनोऱ्यांच्या टापूत अडकून राहिली नाही. गोव्यातला, इंदूर-बडोद्यातला मराठी माणूसही ती पाहू शकला. दरम्यान नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ अस्तित्वात आले. आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही त्यात सामावले, आणि २१ वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही भावंडे पुन्हा एका घरात आली.

एकविसाव्या शतकात केबल आणि घरोघरच्या डिशमुळे गच्चीवरचे अँटेने हळूहळू उतरले. दूरदर्शनने पुढे देशभरातील बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. सह्याद्री आज प्रामुख्याने केबल, खासगी डिश सेवा आणि दूरदर्शनची मोफत डीडी फ्री डिश यांवर दिसते. वरळीचा उंच मनोरा मात्र अजूनही लांबून नजरेत भरतो.