प्रवाळभित्तीचा भास निर्माण करणारे रुडिस्ट शिंपले

स्पेनच्या ईशान्येला, पिरनीज पर्वताच्या दक्षिण उतारावरील त्रेंप परिसरात, क्रिटेशस काळातल्या (सुमारे साडेचौदा कोटी ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकांत शंकूच्या आकाराचे असंख्य जीवाश्म एकमेकांना खेटून उभे असलेले दिसतात. पाहणाऱ्याला ते प्रवाळ वाटतात, परंतु त्यातला प्रत्येक शंकू हा एक शिंपला आहे. तिसऱ्या आणि कालवे ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातले हे प्राणी रुडिस्ट या नावाने ओळखले जातात. त्याआधीच्या जुरासिक काळाच्या उत्तरार्धात ते अवतरले आणि पुढे टेथिस या आता लुप्त झालेल्या समुद्राच्या उथळ, उबदार पाण्यातल्या चुनखडीच्या सपाट तळांवर, कॅरिबियनपासून अरबस्तानापर्यंत, त्यांनी अमाप विस्तार केला. लडाखमध्ये खालसीच्या चुनखडकातही त्यांचे अवशेष सापडतात.

तिसरीच्या दोन्ही शिंपा सारख्या असतात. हिप्पुराइट्स या रुडिस्टाची उजवी शिंप मात्र लांब शंकू बनते आणि डावी तिच्या तोंडावर मडक्यावरच्या झाकणासारखी बसते. त्या झाकणाला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून आत येणाऱ्या पाण्यातले अन्नकण गाळून हा प्राणी जगत असे. दोन शिंपांना जोडणारा लवचीक बंध आदिम रुडिस्टांत बाहेरच्या कडेला होता, त्यामुळे त्यांच्या शिंपा वाढताना वळत जात. पुढच्या गटांत हा बंध आतल्या बाजूला वळला आणि शिंपेला नळीसारखे सरळ वर वाढणे शक्य झाले.

या शिंपल्यांच्या थरांना दीर्घकाळ सरसकट भित्ती म्हटले गेले आणि क्रिटेशस काळात रुडिस्टांनी प्रवाळांची जागा बळकावली, असे मानले गेले. १९९५ मध्ये एउलालिया जिली, जाँ-पिएर मास आणि पीटर स्केल्टन या संशोधकांनी या समजाला उघड आव्हान दिले. खरी प्रवाळभित्ती समुद्रतळापासून उंच उठते, तिचे सांगाडे एकमेकांना घट्ट जखडलेले असतात आणि ती लाटांचा मारा झेलते. रुडिस्टांचे थर बहुधा सपाट आणि दूरवर पसरलेले असतात, आणि शंकूंच्या मधली जागा चुन्याच्या गाळाने भरलेली असते. हा गाळ शिंपले मेल्यानंतर येऊन साचलेला नसून ते जिवंत असतानाच त्यांच्याभोवती साचत होता आणि त्यानेच त्यांना उभे धरले होते. गाळ जसजसा चढत जाई, तसतसा शिंपला आपले तोंड वर उचलत जाई, त्यामुळे तळाच्या वर त्याचा थोडाच भाग दिसत असावा. मला हा युक्तिवाद पटतो, कारण उंच शंकू आणि निमुळते, ठिसूळ बूड अशी ठेवण मोकळ्या पाण्यात लाटांपुढे टिकणे कठीण आहे. गाळ ही प्रवाळांची अडचण असते, रुडिस्टांचा मात्र तो आधारच होता.

त्यांच्या वाढीचा वेग ओमानमधल्या टोरेआइट्स या रुडिस्टाने दाखवून दिला. त्याच्या शिंपेतले कॅल्साइट या चुनखनिजाचे सूक्ष्म थर रोज एक या गतीने साचलेले आहेत. २०२० मध्ये नील्स डी विंटर आणि सहकाऱ्यांनी हे थर लेझरच्या साहाय्याने तपासले, तेव्हा सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी वर्षाचे ३७२ दिवस होते आणि एक दिवस साडेतेवीस तासांचा होता, असे निष्पन्न झाले. दिवसा आणि रात्री बनलेल्या भागांत इतका ठळक फरक आहे की, प्रकाशावर जगणारे सूक्ष्मजीव त्याच्या शरीरात आश्रयाला असावेत, असा अंदाज या संशोधकांनी मांडला.

रुडिस्टांच्या शिंपेचा बाहेरचा थर कॅल्साइटचा आणि आतला अॅरागोनाइट या दुसऱ्या चुनखनिजाचा असे. अॅरागोनाइट सहज विरघळते आणि त्यामुळे खडकात पोकळ्या तयार होतात; अशा पोकळ्यांत तेल साठू शकते. अबू धाबीच्या बू हासा क्षेत्रातले खनिज तेल रुडिस्टयुक्त शुऐबा चुनखडकातूनच मिळते.

रुडिस्टांची अखेर क्रिटेशस संपण्याच्या बरीच आधी, हळूहळू ओढवली, असे अनेकांचे मत होते. २००२ मध्ये जमैकातल्या शिंपल्यांचे वय स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या) प्रमाणावरून ठरवले गेले, तेव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, क्रिटेशस काळ संपला त्या क्षणाच्या अगदी जवळपर्यंत तिथे विविध जातींचे रुडिस्ट जगत होते, असे दिसून आले. किमान कॅरिबियनमध्ये तरी त्यांचा अंत अचानक झाला.