अदलाबदल फक्त नावात: अमेरिकेतल्या 'टेन थर्टी वन'ची पार्श्वभूमी

न्यू जर्सीतलं भाड्याने दिलेलं घर विकायचं, टेक्सासमध्ये दोन घरं घ्यायची आणि विक्रीच्या नफ्यावर त्या वर्षी एक डॉलरही फेडरल कर भरायचा नाही, याला तिकडे बोलताना 'टेन थर्टी वन केलं' म्हणतात. कायद्याच्या लेखी ही 'अदलाबदल' आहे. प्रत्यक्षात कोणीच कोणाशी काही बदलत नाही. घर एकाला विकलं जातं, नवं घर भलत्याच माणसाकडून घेतलं जातं आणि मधल्या काळात पैसा तिसऱ्याच्याच खात्यात असतो. ही गंमत एका दिवसात घडलेली नाही. आजचा जवळजवळ प्रत्येक नियम म्हणजे कुठल्या तरी जुन्या भांडणाचा निकाल आहे.

सुरुवात १९२१ च्या महसूल कायद्यातली. शेताच्या बदल्यात शेत घेणाऱ्याच्या हातात रोकड येत नाही, मग कर भरणार कशातून? आणि नफा ठरवायला किंमत कोण लावणार? त्यामुळे उत्पन्नासाठी किंवा गुंतवणूक म्हणून ठेवलेली मालमत्ता तशाच प्रकारच्या मालमत्तेशी बदलली, तर नफा-तोटा धरायचा नाही असं ठरलं. लोकांनी लगेच शेअर आणि रोखे बदलायला सुरुवात केली, म्हणून १९२३ मध्ये ते वगळले. १९२८ च्या कायद्यात ही तरतूद ११२(ब)(१) या क्रमांकाखाली होती. १९५४ च्या संहितेत तिला १०३१ हा क्रमांक मिळाला आणि तोच तोंडात बसला. तरतूद ऐच्छिक नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अटी जुळल्या की तोटाही पुढेच ढकलला जातो, या वर्षी वजा करता येत नाही.

आपल्याला हवं तेच घर असलेला आणि त्याला आपलंच घर हवं असलेला माणूस सापडणं दुर्मीळ. म्हणून तिसऱ्याला मध्ये घेण्याची युक्ती १९३० च्या दशकापासूनच कोर्टात पोचली होती. मात्र दोन्ही खतं एकाच वेळी व्हायला हवीत, असाच सर्वसाधारण समज होता. तो मोडला ओरेगॉनच्या स्टार्कर कुटुंबाने.

१ एप्रिल १९६७ रोजी टी. जे. स्टार्कर, त्यांचा मुलगा आणि सून यांनी क्राउन झेलरबाख या कागद-लाकूड कंपनीशी करार केला. कोलंबिया काउंटीतली १,८४३ एकर वनजमीन कंपनीला दिली. बदल्यात पैसे नाहीत, फक्त वहीत जमा. थोरल्या स्टार्करांच्या नावे १५,०२,५०० डॉलर आणि त्यावर दरवर्षी ६ टक्के 'वाढ'. पाच वर्षांत ते जी जमीन दाखवतील ती कंपनीने विकत घेऊन त्यांच्या नावे करायची, उरलेली रक्कम रोख द्यायची. करखात्याने ही साधी विक्री ठरवली. मुलाचा खटला आधी उभा राहिला आणि तो जिंकला. वडिलांचा खटला त्याच न्यायाधीशांपुढे आला तेव्हा 'आधी माझं चुकलं' म्हणत त्यांनी उलट निकाल दिला! अखेर १९७९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने बव्हंशी वडिलांच्या बाजूने कौल दिला. दोन्ही व्यवहार एकाच वेळी व्हावेत असं कायदा म्हणत नाही, हे त्याचं सार. ६ टक्के वाढ मात्र व्याजच ठरली आणि तिच्यावर नेहमीच्या उत्पन्नासारखा कर लागला.

पाच वर्षं चालत असतील तर पंधरा का नाहीत? या प्रश्नाला अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९८४ मध्ये दोन घड्याळं लावून उत्तर दिलं. जुनी मालमत्ता हस्तांतरित झाल्यापासून ४५ दिवसांत नवी मालमत्ता लेखी कळवायची आणि १८० दिवसांत ताब्यात घ्यायची. दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार आणि नाताळ धरून. १८० दिवस किंवा त्या वर्षाचं विवरणपत्र भरण्याची तारीख, यातलं जे आधी येईल ते लागू, या शेपटाने दरवर्षी लोक अडकतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर विक्री झाली, तर १८० वा दिवस १५ एप्रिलच्या पुढे जातो. तेव्हा फॉर्म ४८६८ हा विवरणपत्राच्या मुदतवाढीचा अर्ज भरून मुदतवाढ घेतली नाही, तर उरलेले दिवस बुडाले.

१९८६ च्या करसुधारणेने भांडवली नफ्याचा ६० टक्के भाग वगळण्याची सवलत काढली आणि वरचा दर २० वरून २८ टक्क्यांवर गेला. कलम १०३१ ची मागणी वाढणं ओघानेच आलं. पण पैसा ठेवायचा कुठे? विकणाऱ्याच्या हाती, त्याच्या वकिलाच्या खात्यातही तो आला की विक्री झालीच. १९९१ च्या नियमांनी 'क्वालिफाइड इंटरमीडियरी', म्हणजे पैसा मधल्या काळात सांभाळणारा तिसरा, थोडक्यात क्यूआय, ही वाट अधिकृत केली. क्लोजिंगच्या, म्हणजे जुन्या घराची विक्री पूर्ण होण्याच्या, आधी त्याच्याशी करार हवा. क्लोजिंगनंतर आठवण झाली तर काहीही करता येत नाही. गेल्या दोन वर्षांत तुमचा वकील, अकाउंटंट किंवा दलाल राहिलेला माणूस क्यूआय होऊ शकत नाही. कळवण्याची मर्यादाही तेव्हाच ठरली: कोणत्याही किमतीच्या तीन मालमत्ता, किंवा कितीही, पण एकूण किंमत विकलेल्याच्या दुपटीच्या आत. दोन्ही ओलांडल्या, तर कळवलेल्यांपैकी ९५ टक्के किमतीच्या घ्याव्याच लागतात. आणि 'ऑस्टिनमधला एखादा डुप्लेक्स' असं लिहून चालत नाही, पूर्ण पत्ता हवा.

आकडे घेऊन पाहू. घर ३ लाख डॉलरला घेतलं, वर्षानुवर्षं १ लाखाचा घसारा घेतला, आता ७ लाखांना विकलं. कर्ज आणि खर्च सोडून दिला तर नफा ५ लाख. घसाऱ्याच्या १ लाखावर कमाल २५ टक्के, म्हणजे २५,०००. बाकी ४ लाखांवर १५ टक्के धरला तरी ६०,०००. उत्पन्न मर्यादेपलीकडे असल्यास ५ लाखांवर ३.८ टक्के गुंतवणूक अधिभार, १९,०००. राज्याचा कर वेगळा. आता ९ लाखांचं घर 'बदलून' घेतलं तर हे १,०४,००० आज जात नाहीत, पण नव्या घराची करासाठीची किंमत ९ लाख नव्हे, ४ लाख धरली जाते. नफा मेला नाही, नव्या घरात जाऊन बसला. ६.५ लाखांचंच घर घेतलं तर उरलेले ५०,००० 'बूट' ठरतात आणि त्यावर कर लागतो. रोख हातात न घेताही बूट निघतो: जुन्या घरावर ३ लाखांचं कर्ज होतं, नव्यावर २ लाखांचंच काढलं आणि फरक खिशातून भरला नाही, तर तो १ लाख करपात्र. मालक मरेपर्यंत बदलत राहिला तर वारसांना त्या दिवसाची बाजारकिंमत मिळते आणि ढकललेला फेडरल कर कायमचा सुटतो. सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे.

बाकी टप्पे झटपट. १९८९ मध्ये जवळच्या नातेवाइकांतल्या बदलाला दोन वर्षं थांबण्याची अट आली. २००० मध्ये आधी घ्या, मग विका अशा उलट्या व्यवहाराला चौकट मिळाली. २००८ चा धडा महागात पडला: लँडअमेरिका या कंपनीची क्यूआय शाखा दिवाळखोरीत गेली, ग्राहकांचा पैसा ज्या रोख्यांत होता त्यांना गिऱ्हाईकच उरलं नाही, आणि १८० दिवस उलटून गेले. तेव्हापासून जाणते लोक स्वतंत्र एस्क्रो खातं (अट पूर्ण होईपर्यंत पैसा अडकवून ठेवणारं) आणि दोन सह्यांची अट मागतात. २०१७ च्या कायद्याने १ जानेवारी २०१८ पासून फक्त स्थावर मालमत्ता उरली. तोवर ट्रक, विमानं, चित्रं आणि बेसबॉल खेळाडूंचे करारसुद्धा याखाली बदलले जात. २०२१ मध्ये पुढे ढकलता येणाऱ्या नफ्यावर माणशी ५ लाख डॉलरची मर्यादा सुचवली गेली, कायदा झाला नाही. कॅलिफोर्नियातलं घर देऊन दुसऱ्या राज्यात घेतलं, तर तिथला ढकललेला नफा राज्य विसरत नाही. दरवर्षी फॉर्म ३८४० भरावा लागतो.

मराठी घरांत सगळ्यात जास्त घोटाळा १९८९ च्याच दुसऱ्या नियमामुळे होतो. अमेरिकेतली आणि अमेरिकेबाहेरची स्थावर मालमत्ता एकाच प्रकारची धरली जात नाही. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट विकून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर घेतलं, तर ते टेन थर्टी वन नव्हे. भारतातली ओळखीची कलम ५४ ची सवलतही (घर विकून आलेल्या नफ्यातून दुसरं घर घेतलं तर कर माफ) इथे मदतीला येत नाही, कारण २०१४ च्या दुरुस्तीपासून नवं घर भारतातच हवं. बरं, पुण्याचा विकून नाशिकला घेतला आणि कलम ५४ खाली भारतात कर शून्य झाला, तरी अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जगभरच्या उत्पन्नावर तिकडे कर देतो. भारतात भरलाच नाही, म्हणून क्रेडिट (परदेशात भरलेल्या कराची अमेरिकेच्या करातून वजावट) नाही, आणि अमेरिकेचा कर पूर्ण लागतो. 'मग भारतात सूटच घेऊ नये' हा उपायही सरळ नाही. क्रेडिट भरावाच लागणाऱ्या कराचं मिळतं, हौसेने भरलेल्याचं नाही.