शाईपेन, अल्पमोली

शाईपेन, अल्पमोली : पोटात शाईचा साठा असलेले, चीर दिलेल्या धातूच्या निबेतून ती शाई कागदावर उतरवणारे आणि रोजच्या लिखाणाला परवडणारे पेन. फाउंटन पेन किंवा झरणी या नावांनीही ते ओळखले जाते. प्रस्तुत नोंदीत भारतात बनणारी किंवा येथील बाजारात सर्रास मिळणारी पेने मुख्यतः विचारात घेतली आहेत. सोन्याच्या निबेची, संग्राहकांच्या आवडीची पेने तिच्या कक्षेबाहेर आहेत.

उगम : शाईचा साठा पोटात बाळगणाऱ्या लेखणीचा सर्वांत जुना उल्लेख दहाव्या शतकातील मानला जातो. फातिमी खलिफा अल्-मुइझ याने हात व कपडे न डागाळणारी, उलटी धरली तरी न गळणारी लेखणी करवून घेतल्याचे वर्णन काझी अल्-नुमान याने केले आहे. मात्र अशी लेखणी कोठेही शिल्लक नाही, आणि वर्णनातून तिची आतील रचना उलगडत नाही. जर्मनीत श्वेंटर याने १६३६ मध्ये एका पिसात दुसरे पीस बसवून केलेल्या लेखणीची माहिती दिली, तर पेट्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याला १८२७ मध्ये फ्रान्समध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. तरीही आजच्या अर्थाने भरवशाचे शाईपेन लुइस वॉटरमन याच्या १८८४ च्या अमेरिकी एकस्वापासून धरण्याकडेच कल असावा. कारण साठा करणे ही अडचण त्यापूर्वीच सुटलेली होती; शाई जितकी बाहेर जाईल तितकीच हवा आत घेणे हा खरा प्रश्न होता आणि वॉटरमनच्या बारीक खाचांच्या फीडने (निबेला शाई पुरवणाऱ्या, तिच्याखालील भागाने) तो बराचसा सोडवला. विम्याच्या करारावर शाई सांडल्यामुळे चिडून त्याने हे पेन शोधले ही लोकप्रिय कथा पुढे जाहिरातींतून रूढ झालेली दिसते. समकालीन पुराव्याचा तिला आधार नसल्यामुळे ती बाजूला ठेवणेच योग्य.

भारतीय निर्मितीचा प्रारंभ : पहिले भारतीय शाईपेन कोणते, याविषयी एकमत नाही. वाराणसीचे राधिकानाथ साहा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘लक्ष्मी स्टायलो पेन’साठी एकस्वे घेतली होती, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. कोलकात्यात एफ. एन. गुप्तू यांच्या कारखान्याने स्वदेशी चळवळीच्या वाऱ्यावर टाक, पेन्सिली व पुढे पेने काढली. दक्षिणेत हा मान राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांना दिला जातो. या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. स्टायलो, म्हणजे स्टायलोग्राफिक पेन, याला चीर दिलेली निब नसते. नळीच्या टोकाशी एक बारीक तार असते, ती कागदावर टेकली की आत सरकते आणि शाईला वाट मिळते. कॅनडाच्या मॅकिनन याने १८७५ च्या सुमारास रूढ केलेला हा प्रकार शाईपेनाचा चुलतभाऊ म्हणता येईल, पण ते शाईपेन नव्हे. त्यामुळे साहांचे अग्रस्थान पोटात शाई असलेल्या कोणत्याही लेखणीच्या बाबतीत मान्य करता येते. चीर दिलेल्या निबेच्या पेनाबाबत ते निव्वळ स्टायलोच्या आधारे सिद्ध होत नाही.

रत्नम यांच्याविषयीची माहिती अधिक ठोस आहे. ते मूळचे सोनारकामातले. वर्ध्यात १९२१ मध्ये झालेल्या भेटीत महात्मा गांधींनी त्यांना सामान्य माणसाच्या उपयोगाची स्वदेशी वस्तू करण्यास सुचवले, अशी परंपरा सांगितली जाते. पेननिर्मितीची सुरुवात साधारणपणे १९३०–३२ च्या दरम्यान धरतात. आयात भागांचे पेन गांधींनी नाकारले, असेही या कथेत येते. मात्र १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून लिहिलेले गांधींचे पत्र उपलब्ध असून, अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत आलेले पेन आपण वापरून पाहिले आणि बाजारातील परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असा अभिप्राय त्यात आहे. संघाचे कार्यालय वर्ध्यातच मगनवाडीत असल्यामुळे पत्राचे ठिकाणही जुळते. भेटीच्या कथेपेक्षा या पत्रावर भर देणे इष्ट.

शाईच्या बाजूने मुंबईत १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर व गो. प. दांडेकर या बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड व वड्या काढून केलेली सुरुवात महत्त्वाची आहे. कॅमलिन नावाने पुढे वाढलेल्या या उद्योगाची ‘कॅमल’ शाई महाराष्ट्रातील शाळकरी दप्तरांत दीर्घकाळ होती. बंगालमध्ये १९३४ मध्ये राजशाही येथे सुरू झालेली ‘सुलेखा’ शाई १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली आणि २०२० मध्ये पुन्हा बाजारात आली.

रचना व कार्य : निब, तिच्या खाली टेकलेले फीड (बोलीत जीभ), पकड, शाईची नळी आणि टोपण हे पेनाचे मुख्य भाग. निबेच्या चिरेतून शाई केशाकर्षणाने (बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याने) उतरते आणि फीडच्या खोबणीतून तेवढीच हवा वर जाते. फीडवरील आडव्या खाचा जास्तीची शाई तात्पुरती धरून ठेवतात. निबेच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा सूक्ष्म मणी जोडलेला असतो. त्यावरून निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ कोरण्याची प्रथा पडली, पण आजच्या मण्यात इरिडियम असेलच असे नाही. पूर्वी निबेसाठी सोने वापरण्याचे मोठे कारण म्हणजे लोहयुक्त आम्लधर्मी शाईने साधे पोलाद गंजत असे. गंजरोधक पोलाद आल्यावर ते कारण उरले नाही, आणि स्वस्त पेन चांगले असण्यातला मुख्य अडथळा तेथेच दूर झाला.

भारतीय हातघडणीच्या पेनांचा विशेष म्हणजे एबोनाइट. रबरात भरपूर गंधक मिसळून तापवल्यावर मिळणारा हा टणक पदार्थ लेथवर सुबक कातता येतो. उन्हात ठेवल्यास त्याचा काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो. एबोनाइटचे फीड प्लॅस्टिकच्या फीडपेक्षा शाईला लवकर ओले होते. शिवाय ते गरम पाण्यात थोडे मऊ करून निबेच्या पोटाशी नेमके दाबून बसवता येते. राजमहेंद्री, चेन्नई, तिरुवळ्ळूर व हैदराबाद येथील कारागिरांनी ही पद्धत टिकवली. निबांसाठी कानपूरचे नाव घेतले जाते.

यांतील बरीच पेने ड्रॉपरने भरायची असतात. नळीत एकावेळी २ ते ४ मिलिलिटर शाई मावते. शाई भरलेल्या, बदलता येणाऱ्या छोट्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) ती ०·८ मिलिलिटरच्या आसपास असते. या पेनांची एक खोड सर्वांना ठाऊक असते : शाई संपत आली की पेन अचानक थेंब टाकते. नळीतील रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. उपाय सोपा आहे. तृतीयांश शाई उरली की पेन पुन्हा भरावे, आट्यांना किंचित मेण किंवा सिलिकॉन ग्रीस लावावे आणि खिशात ते निब वर करून ठेवावे.

निवड : दुकानात पेन चालवून पाहताना बहुतेक जण सही करतात. ही परीक्षा फसवी आहे, कारण सहीत हात वेगाने फिरतो आणि ओरखडणारी निबही त्या वेगात खपून जाते. देवनागरी लिहिणाऱ्याने एक लांब शब्द सावकाश लिहून त्यावर न उचलता शिरोरेखा ओढावी. डावीकडून उजवीकडे जाणारी ही आडवी रेघ मध्येच फिकी पडली तर फीड शाई पुरवत नाही असे समजावे, आणि तिच्या सुरुवातीचा अर्धा मिलिमीटर कोरा राहिला तर निबेच्या मण्यात दोष असण्याची शक्यता अधिक. त्यानंतर ‘ध’, ‘क्ष’ आणि ‘ळ’ लहान आकारात लिहून पोकळ्या बुजत नाहीत ना, हे पाहावे. बारीक ओळींच्या वहीसाठी ‘फाइन’ निब पुरते. जपानी ‘फाइन’ युरोपीय ‘फाइन’पेक्षा बहुधा एक पायरी बारीक असते. भिंगातून निबेच्या दोन्ही पाती, म्हणजे चिरेच्या दोन बाजू, समपातळीत दिसाव्यात. पन्नास रुपयांच्या पेनाची निब नीट बसलेली असेल, तर हजार रुपयांच्या पण पाती वरखाली झालेल्या पेनापेक्षा ते सुखाने लिहिते.

शांघायचे ‘हिरो’ पेन, विशेषतः झाकलेल्या निबेचे ६१६, हे पार्कर ५१ या अमेरिकी पेनाच्या धर्तीचे असून मागील पिढीत भेट म्हणून त्याची मोठी प्रतिष्ठा होती. त्याच्या नकला इतक्या झाल्या की अस्सल कोणते हे ओळखणे कठीण जाते. झाकलेली निब लवकर वाळत नाही, त्यामुळे थांबून थांबून लिहिणाऱ्याला ती सोयीची. सध्याच्या अल्पमोली पेनांत जपानी प्लॅटिनम ‘प्रेपी’ उल्लेखनीय आहे. तिच्या टोपणातील आतील झाकणामुळे ती बराच काळ न वापरताही चालू राहते.

शाई व कागद : स्वस्त पेनाबद्दलच्या पुष्कळ तक्रारी वस्तुतः कागदाच्या असतात. पातळ, सैल तंतूंच्या वहीत शाई फुटते आणि पाठपोट उमटते. कागद बदलणे शक्य नसेल तर निब बारीक करावी व कमी वाहणारी शाई घ्यावी. रोजच्या कामाला पाण्यात विरघळणाऱ्या रंजकाची साधी निळी शाई सर्वांत निर्धोक, कारण ती नुसत्या पाण्याने धुऊन निघते. लाखयुक्त ड्रॉइंगची शाई मात्र शाईपेनात कधीही भरू नये. ती फीडच्या खोबणीत वाळली की पाण्याने सुटत नाही. शाईचा रंग बदलताना निब व फीड साध्या पाण्यात रात्रभर ठेवून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे, आणि एबोनाइटच्या भागांसाठी उकळते पाणी किंवा स्पिरिट टाळावे.