महानंदा : चित्ररूप आणि गोमंतकीय प्रेक्षक

जयवंत दळवी यांच्या ‘महानंदा’ या कादंबरीच्या पडद्यावरील रूपाकडे गोव्यातला मराठी वाचक-प्रेक्षक कसा पाहतो, हा या नोंदीचा विषय. देवाला वाहिलेल्या घराण्यातली मुलगी आणि शिकलेला तरुण यांच्या प्रेमाची ही कथा. पुण्या-मुंबईकडे ती एक करुण प्रेमकहाणी ठरते. गोव्यात ती चार घरे टाकून पलीकडे घडलेली गोष्ट असते, त्यामुळे डोळे पुसता पुसता चुकाही काढल्या जातात.

दळवींचा जन्म १९२५ चा, गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या हडफडे गावचा. वाढले ते वेंगुर्ल्याकडच्या आरवलीत. देऊळ, देवळाभोवतीची घरे, मानपान आणि त्या मानामागची अवहेलना हे सगळे त्यांना परके नव्हते. गोव्यात मुलीला देवाला वाहण्याच्या विधीला शेंस म्हणत. कलावंत, भाविणी, देवळी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या वर्गाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःच सुधारणेची चळवळ उभारली आणि पुढे गोमंतक मराठा समाज हे नाव घेतले. चळवळीचे एक अग्रणी राजाराम पैंगीणकर यांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र आजही या विषयावर आधी हातात घ्यावे असे पुस्तक आहे. १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर याच समाजातले.

म्हणून इथल्या जाणत्या प्रेक्षकाचा आक्षेप ‘कादंबरीत असे नव्हते’ एवढ्यावर थांबत नाही. चित्रपट ऐंशीच्या दशकातला. तोवर या घरांतल्या मुली शिकल्या होत्या, लग्ने करून संसाराला लागल्या होत्या. मग पडद्यावर पुन्हा तेच अश्रू कशाला, असे काहींना वाटते. उलट, आजीने जे कधी सांगितले नाही ते निदान कोणीतरी दाखवले, असे मानणारेही आहेत. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक पटते. पहिलीतला राग मात्र खोटा नाही.

दुसरी कसोटी कानाची. गोव्यातल्या हिंदू घरांत बोलायला कोंकणी आणि वाचायला मराठी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. संवाद छापलेले मराठीत असले तरी वाचताना ते मनात आईच्या, मावशीच्या हेलात उमटतात. पडद्यावरची बाई तोंड उघडते आणि तो आवाज पुसला जातो. चेहरा आवडला नाही तर एकवेळ चालते, बाईला हाक मारतानाचा ‘गो’ चुकीच्या जागी पडला की चालत नाही. समईची वात, पालखीचा क्रम, गजरा माळण्याची तऱ्हा यांवरही नजर असतेच.

ही चिकित्सक वृत्ती आली जत्रेतल्या नाटकांतून. देवळापुढच्या मांडवात पहाटेपर्यंत चालणारे मराठी नाटक दरवर्षी पाहणारा माणूस नव्या नटाला जुन्याच्या शेजारी उभा करूनच बघतो. त्यातून ‘महानंदा’ आधी रंगमंचावर आली होती : शं. ना. नवरे यांचे ‘गुंतता हृदय हे’. हे शीर्षक ‘मत्स्यगंधा’ या संगीत नाटकातल्या पदाचे, चाल मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींची, गाणारे गोमंतकीय रामदास कामत. म्हणजे चित्रपट लागला तेव्हा कादंबरी आणि नाटक दोन्ही ध्यानात असलेला प्रेक्षक समोर बसलेला होता.

चित्रपटातून गोव्यात खरे रुजले ते ‘मागे उभा मंगेश, पुढे उभा मंगेश’ हे गाणे. शब्द शान्ता शेळके यांचे. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि आवाज आशा भोसले यांचा, म्हणजे मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या मुलांचा. फोंडा तालुक्यातल्या प्रियोळ येथील मंगेशीच्या देवळात दर सोमवारी पालखी निघते, सात मजली दीपस्तंभ दुरूनच नजरेत भरतो. त्या देवाचे नाव घेणारे गाणे भक्तिगीत म्हणूनच ऐकले जाते. ते कोणत्या बाईच्या कहाणीतले, हे अनेकांच्या गावीही नसते. कादंबरी वाचलेल्यांना हे खटकते. भजनी मंडळींना त्याचे काही वाटत नाही.

कानाच्या या कसोटीला तुलनेसाठी कोंकणी चित्रपटाचे उदाहरण घेता येते. महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कोंकणी कादंबरीवरून लक्ष्मीकांत शेटगांवकर यांनी केलेला ‘पलतडचो मनीस’ (२००९) टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळवून गेला. जंगलात एकटा राहणारा वनरक्षक आणि त्याने आसरा दिलेली वेडसर बाई यांची ती कथा. तिथे पात्रे कोंकणीतच बोलतात, त्यामुळे भाषांतराचा तो काटा मुळातच नव्हता; हेलावरून वाद घालायला गोव्यातल्या माणसाला तेवढे कारण लागते असे मात्र नाही.