अ‍ॅक्रोपोलिसवर आज जे दिसतं, ते कोणी ठरवलं?

अथेन्सला गेलेला प्रवासी अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर पश्चिम अंगाने चढतो, प्रोपिलीया या प्राचीन प्रवेशद्वाराच्या खांबांमधून आत शिरतो आणि समोर अथेना देवीचं मंदिर, पार्थेनॉन, पाहतो. संगमरवर, उघडा खडक आणि वर मोकळं आकाश. ग्रीकांच्या वैभवकाळात हे असंच असेल, अशी समजूत घेऊन तो खाली उतरतो. पण त्या काळी ही जागा मोकळी नव्हतीच. पुतळे, वेद्या, कोरीव शिळा, नवसाच्या वस्तू यांची इथे दाटी होती. दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक प्रवाशाने लिहिलेलं वर्णन उपलब्ध आहे, त्यात एका पुतळ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाता जाता वाचणारा दमतो. आजचा मोकळेपणा एकोणिसाव्या शतकात, ठरवून आणि खर्च करून निर्माण केलेला आहे. हे माहीत असलं की टेकडीवर आपण काय पाहतो आहोत हेच बदलतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

मंदिरं कोणी, का बांधली हे वाचकांना ठाऊक आहे. मधला प्रवासही थोडक्यात सांगता येतो. पार्थेनॉनचं चर्च झालं, १२०४ नंतर लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपीय, सत्ताधीशांनी ते कॅथलिक केलं, १४५८ मध्ये टेकडी ऑटोमन तुर्कांच्या फौजेच्या हाती गेल्यावर तिथे मशीद आली. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा आतल्या दारूच्या कोठारावर पडला आणि इमारत मधोमध फुटली. भग्न पार्थेनॉनच्या पोटात मग एक लहान मशीद उभी राहिली. १८०१ पासून एका ब्रिटिश राजदूताच्या माणसांनी उरलीसुरली शिल्पं उतरवून नेली. १८१६ मध्ये ती ब्रिटिश सरकारने विकत घेतली, आणि ती परत देण्याचा वाद अजून मिटलेला नाही. त्यावर पुष्कळ लिहिलं जातं. टेकडीवरून गेलेल्या बाकीच्या गोष्टींवर फारच कमी.

१८३४ मध्ये अथेन्स नव्या ग्रीक राज्याची राजधानी ठरली. राजा बव्हेरियाहून आलेला, एकोणीस वर्षांचा. एका प्रशियन वास्तुविदाने तर अ‍ॅक्रोपोलिसवर, प्राचीन अवशेषांच्या सोबतीने, राजवाडा बांधण्याचा सविस्तर आराखडाही काढून दिला. तो बारगळला हे अथेन्सचं नशीब. त्याच वर्षी पुरातन वास्तूंचा कायदा झाला, आणि सप्टेंबरमध्ये राजाला टेकडीवर बसवून मोठा समारंभ झाला. बव्हेरियाच्या दरबारी वास्तुविदाने भाषण केलं आणि पार्थेनॉनचा पडलेला खांब पुन्हा रचण्याच्या कामाचा मुहूर्त झाला. पुढच्या वर्षी तिथलं सैन्य हललं. अ‍ॅक्रोपोलिस किल्ला राहिला नाही, प्रेक्षणीय स्थळ झालं.

मग साफसफाई सुरू झाली. ऑटोमन शिबंदीची घरं, बागा, तटबंदीचे बुरूज गेले. पश्चिमेच्या एका बुरुजात अथेना नायकीच्या देवळाचे दगड सापडले. १६८६ मध्ये तुर्कांनी देऊळ उतरवून ते बुरुजात घातले होते. बुरूज पाडून देऊळ पुन्हा उभं केलं. इथे पाडण्याचं समर्थन सोपं आहे, आणि ते मला पटतं. पार्थेनॉनमधली छोटी मशीद १८४० च्या दशकात गेली. १८३९ साली काढलेल्या एका छायाचित्रावरून केलेलं रेखाचित्र आहे, त्यात तिचा घुमट खांबांच्या मधोमध दिसतो. ते पाहिल्यावर पार्थेनॉनचं रिकामं पोट पूर्वीसारखं दिसत नाही.

खरा प्रश्न प्रोपिलीयाच्या मनोऱ्याचा.

प्रवेशद्वाराच्या दक्षिण बाजूवर सुमारे २६ मीटर उंचीचा चौकोनी मनोरा होता. फ्रँकिश मनोरा म्हणून तो ओळखला जाई. मध्ययुगात अथेन्सवर राज्य करणाऱ्या पाश्चात्य सरदारांनी तो बांधला. नेमका कोणत्या घराण्याने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याचे दगड टेकडीवरच्याच जुन्या इमारतींचे होते. अथेन्सच्या अनेक जुन्या चित्रांत हा मनोरा ठळक दिसतो, १८५० आणि १८६० च्या छायाचित्रांतही. १८७४ मध्ये तो पाडायचं ठरलं. खर्च दिला ट्रॉय खणून प्रसिद्ध झालेल्या एका श्रीमंत जर्मन व्यापाऱ्याने. राजाने काम काही काळ थांबवलं, पण १८७५ मध्ये ते पुरं झालं.

पाडणाऱ्यांची बाजू अशी होती. मनोऱ्याने प्रोपिलीयाचा दक्षिण भाग झाकला होता, त्याच्या भिंतींत प्राचीन कोरीव शिळा असण्याचा संभव होता, आणि नव्या राष्ट्राला परकी सत्तेच्या खुणा नको होत्या. पहिली दोन कारणं अभ्यासाची होती, तिसऱ्याचा अभ्यासाशी संबंध नव्हता. एका ब्रिटिश इतिहासकाराने तेव्हाच कडक शब्दांत लिहिलं की इतिहासातला एकच काळ ठेवून बाकीचे पुसणं हे विद्वत्तेचं काम नाही. तो एकटा नव्हता, पण कोणी ऐकलं नाही.

मला या निर्णयात सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. हा मनोरा फक्त परक्यांचा राहिला नव्हता. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धातला एक नामांकित सेनानी १८२५ मध्ये स्वकीयांनीच त्यात कैद केला होता, आणि जून महिन्यात त्याचं प्रेत मनोऱ्याच्या पायथ्याशी सापडलं. पळताना दोर तुटला असं जाहीर झालं. त्याला मारूनच खाली टाकलं असं पुढे मानलं गेलं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या क्रांतीची, तिच्यातल्या भाऊबंदकीची एक जागा मनोऱ्याबरोबर गेली. प्राचीन ग्रीस मोकळा करताना आधुनिक ग्रीसचा एक अडचणीचा साक्षीदार गेला, आणि पाडण्यापूर्वी आजच्या पद्धतीने दगडन् दगड मोजून नोंद ठेवण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. नायकीच्या देवळाचा बुरूज आणि हा मनोरा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. बुरूज पाडून काही परत मिळालं. मनोरा पाडून मिळाला तो देखावा.

१८८५ ते १८९० या काळात टेकडी जवळजवळ सगळीकडे मूळ खडकापर्यंत खणली गेली. या उत्खननाचं देणं मोठं आहे. इराणी फौजेने इ.स.पू. ४८० मध्ये उद्ध्वस्त केलेल्या मूर्ती अथेन्सकरांनी पुरून टाकल्या होत्या. त्यांतल्या चौदा तरुणी-मूर्ती १८८६ मध्ये एरेख्थिऑन या टेकडीवरच्याच देवळाजवळ एकत्र मिळाल्या, रंगाच्या खुणांसह. आजच्या संग्रहालयातल्या पहिल्या मजल्याचं वैभव त्यांचंच. पण त्यांच्या वरचे बायझंटाइन, फ्रँक, ऑटोमन काळांचे थर वाचण्याआधीच उपसले गेले. आता ते कोणालाच खणता येणार नाहीत.

१८९४ च्या भूकंपानंतर दुरुस्ती एका ग्रीक अभियंत्याकडे आली आणि जवळजवळ चार दशकं त्याच्याकडेच राहिली. पार्थेनॉनची उत्तरेकडची खांबांची रांग आज उभी दिसते ती त्याने १९२२ ते १९३३ दरम्यान रचलेली. प्राचीन कारागीर दगडांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर शिसं ओतत, म्हणजे पाणी लागत नसे. विसाव्या शतकातलं लोखंड तसंच उघडं बसवलं गेलं. ते गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तेव्हापासून जुने जोड काढून टायटॅनियमचे बसवणं, चुकीच्या जागी लावलेले दगड ओळखून मूळ जागी नेणं, तुटलेला भाग पेंटेली डोंगरातल्या नव्या संगमरवराने भरणं असं काम चालू आहे. नवा दगड पांढरा दिसतो, तो तसाच ठेवतात, जुना-नवा ओळखू यावा म्हणून. परांचींमुळे फोटो बिघडतो अशी प्रवाशांची तक्रार असते. पण आधीच्या घाईची ही भरपाई आहे, आणि एवढ्या सावकाशीने केली म्हणून मला या कामाबद्दल आदर वाटतो.

एरेख्थिऑनच्या स्त्री-स्तंभांच्या जागी १९७९ मध्ये प्रतिकृती आल्या. मूळ पाच टेकडीखालच्या संग्रहालयात आहेत, सहावी लंडनला. २००९ मध्ये उघडलेल्या त्या संग्रहालयासमोरची विसाव्या शतकातली दोन घरं खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याच्या आड येतात म्हणून पाडायचं ठरलं होतं, संरक्षित असूनही. लोकांनी निषेध केला, आणि ती वाचली. १८७५ मध्ये जे झालं नाही ते इथे झालं. प्राचीन अगोरा, म्हणजे टेकडीखालचा जुना बाजारचौक, खणण्यासाठी १९३० च्या दशकात एक अख्खा वस्तीचा भाग हलवला गेला होता. तिथल्या रहिवाशांना असं कोणी वाली मिळालं नव्हतं.

आता वाद आहे तो पायाखालचा. २०२० च्या शेवटी पार्थेनॉनभोवती रुंद काँक्रीटच्या वाटा घातल्या गेल्या. जुन्या काँक्रीटच्या वाटा अरुंद आणि उखडलेल्या होत्या, खडक पावलांनी गुळगुळीत होऊन घसरडा झाला होता, आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला वर फिरणं जवळजवळ अशक्य होतं. त्याच हिवाळ्यात उत्तर बाजूला नवी लिफ्टही सुरू झाली. विरोधकांचं म्हणणं, खडकात कोरलेल्या खुणा झाकल्या गेल्या, आणि खाली पडदा अंथरला असला तरी एवढं काँक्रीट काढणं सोपं नाही. अपंगांच्या हक्काविषयी दुमत असू नये. मात्र वाटांची रुंदी पाहिली की त्या गर्दीसाठी आखल्यात असं वाटतं.

आणि गर्दी आलीच. सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २०,००० प्रवाशांची मर्यादा आणि तासातासाच्या वेळांची तिकिटं लागू झाली. उष्णतेच्या लाटेत दुपारी टेकडी बंद ठेवण्याची वेळ २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत आली. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालं, आणि तेवढ्याच पैशांत पाच दिवस अगोरा, ऑलिंपियन झ्यूसचं देऊळ यांसह सात ठिकाणं दाखवणारं एकत्रित तिकीट बंद झालं. त्या तिकिटामुळे अनेकांची पावलं खालच्या, कमी गर्दीच्या अवशेषांकडे वळत. ते बंद करणं मला चुकीचं वाटतं. प्रोपिलीयासमोर रोमन काळातल्यासारखा रुंद संगमरवरी जिना पुन्हा बांधण्याची योजनाही पुढे आली आहे. टेकडीवर कोणता काळ दाखवायचा, हा प्रश्न तिच्यामुळे पुन्हा उभा राहिला आहे.